बोर्डावरची पट्टी

आमच्या परळच्या चाळीत लग्नाची पत्रिका कोणी वाचत नाही. येते आणि टीव्हीच्या मागे जाते. लग्न ठरलं की नाही ते नाक्यावर कळतं. नाक्यावर पक्षाचा बोर्ड लागतो. वर मोठ्या साहेबांचा फोटो, बाजूला विकासभाऊंचा हात जोडलेला, मध्ये नवरा-नवरी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून वॉर्डातल्या पोरांची मुंडकी. तो लागला की लग्न पक्कं. एकदा प्रिंटरवाल्याने उशीर केला तर एका पोराच्या सासूने भर हळदीत विचारलं होतं, "मोडलं का काय?"

ते बोर्ड मी बनवतो. कुठे क्लास वगैरे लावला नाही. बारावीनंतर फोनवर व्हिडिओ बघून बघून शिकलो. बोर्ड, पोस्ट, रील, वाढदिवसाचं, दहाव्याचं, सगळं. टेबल भाऊंचं, कॉम्प्युटर भाऊंचा, बसायची जागा पक्षाच्या ऑफिसात. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे अध्यक्ष. यंदा महापालिकेला उभे राहणार म्हणून दोन वर्षं झाली, दाढी पण विचारून करतात.

पक्षाचं नाव लिहीत नाही. कुठलाही धरा.

पक्षाची भूमिका लोक पेपरात वाचतात. माझ्याकडे ती आधी येते, व्हॉट्सअ‍ॅपवर, भाऊंच्या शुद्धलेखनात.

२०१८ ला कोर्टाने सांगितलं की दोन बाप्ये किंवा दोन बायका एकमेकांवर प्रेम करत असतील तर तो गुन्हा नाही. टीव्हीवर लोक नाचत होते. मी तेव्हा नवीन होतो, विचारलं, "भाऊ, काय टाकू?" भाऊ बोलले, "काय नको टाकू. शुभेच्छा नको, निषेध नको. गुड मॉर्निंग टाक." मी सूर्यफूल टाकलं.

२०२३ ला अशा जोडप्यांच्या लग्नाची केस उभी राहिली. वरून मजकूर आला, "आपली कुटुंबव्यवस्था, आपला अभिमान." मी नेटवरून एक फॅमिली उचलली. आई, बाप, दोन पोरं, सगळे दुधासारखे गोरे. मागे तुळस चिकटवली. घरी बसूनच केलं ते. माझी मोठी बहीण दीपिका बाजूला पोहे खात होती. तिने वाकून बघितलं.

"हे कुठले रे? परळचे तर नाय वाटत."

"फुकटचे आहेत. नेटवरचे."

हसली ती. मग कोर्टाने लग्नाला मान्यता दिली नाही, ते संसदेचं काम आहे बोलले. भाऊंनी स्टेटसला वाघ ठेवला.

२०२४, लोकसभा. वरच्या कोणीतरी सर्व्हे केला असणार, की नवीन पोरं या विषयावर आपल्याला म्हातारे समजतात. मजकूर आला, "प्रेमाला हक्क हवा. सहजीवनाच्या कायद्यावर आम्ही चर्चा करू." सोबत भाऊंचा व्हॉइस मेसेज, "राज्या, इंद्रधनुष्य मार मागे. जोरात मार." तुळस होती तिथे मी इंद्रधनुष्य मारलं. शाळेत शिकवलेलं तसं, तानापिहिनिपाजा, सात पट्टे.

ताई कामावरून आली होती. दादरच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासते. चप्पल काढता काढता स्क्रीनकडे बघून बोलली, "सहा असतात."

"काय सहा?"

"या झेंड्यात सहाच रंग असतात. पारवा काढ."

मी पारवा काढला. मग विचारलं, "तुला काय माहीत?"

ती मोरीत गेली. हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं. बाहेर येऊन टॉवेलमध्येच तोंड ठेवून बोलली, "मेघना आहे ना. मैत्रीण नाहीये ती माझी. म्हणजे मैत्रीण आहे. पण तशी आहे."

मेघनाला मी ओळखत होतो. गिरगावात फणसवाडीला राहते, बँकेत आहे, पाच वर्षं आमच्याकडे येते. माझ्या हातचं ऑम्लेट आवडतं तिला. मी फक्त एवढंच बोललो, "पोस्ट पाठवू मग? सहाच आहेत आता." येडा. दुसरं काय सुचलंच नाही. ताई टॉवेलमध्ये हसायला लागली, मग रडायला लागली, आणि तेवढ्यात आई आली म्हणून पुन्हा तोंड धुवायला गेली.

आईला ताईने मागच्या दिवाळीनंतर सांगितलं. ती आणि मेघना लग्न करणार होत्या. कायद्याने काही होणार नव्हतं, पण बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर, आपल्या पद्धतीने, चार लोकांत. आई, म्हणजे शैला, पक्षाच्या महिला आघाडीत आहे. सभेला पहिल्या रांगेत बसते. पप्पा गेल्यापासून तिचं जग म्हणजे आम्ही दोघं आणि आघाडी.

आई आधी बोलली, "डॉक्टरला दाखवू." मग बोलली, "जातीबाहेरचा पोरगा आणला असतास तरी मी काय बोलले असते का?" मग महिनाभर काही बोललीच नाही. भाकरी थापायची आणि ताटात टाकायची, ताईकडे बघायची नाही. शेवटी एक दिवस ताईने तिला माझी ती पोस्ट दाखवली.

"बघ. तुझ्याच पक्षाने टाकलंय. तुझ्या पोराने बनवलंय."

आईने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे निवडणुकीचं असतं गं."

"म्हणजे खोटं?"

आईला ते कसं पटणार? पक्षाला खोटं म्हणायची तिची तयारी नव्हती. तिने फोन उलटा करून ठेवला. मग बोलली, "नाक्यावर बोर्ड लागू दे तुमचा. चाळीतल्या सगळ्या पोरींचा लागतो तसा. मग मी येते लग्नाला. मान वर करून येते."

ती हे बोलली कारण बोर्ड कधी लागणार नाही याची तिला खात्री होती. मला पण होती. ताईने माझ्याकडे बघितलं. "राजू, लावशील?"

मी भाऊंना विचारलं. चांगली वेळ बघून विचारलं, दाढी करून आले होते तेव्हा. आठवडाभर आधी दादरला पक्षाच्या तरुणांचं शिबिर झालं होतं, तिथे वरचे एक नेते समानतेवर तासभर बोलले होते आणि भाऊंना कुठेतरी चमकायचं होतं.

"तुझी बहीण?" भाऊ बोलले. "आपली दीपा? च्यायला. आणि दुसरी कोण?" मी मेघनाचा फोटो दाखवला. भाऊंनी झूम केला. "चांगल्या घरची दिसते. लाव. मुंबईत पहिला वॉर्ड आपला. पेपरवाल्याला मी सांगतो."

मला खोटं वाटत होतं. मी तीन वेळा विचारलं. शेवटी भाऊ वैतागले, "अरे लाव बोललो ना. लिहून देऊ काय?"

बोर्ड बनवायला बसलो तर आमच्या ठरलेल्या डिझाईनमध्ये एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी. नवऱ्याच्या जागेवर कोणाला टाकू? ताई बोलली, "उंच कोण आहे? मेघना. टाक तिला." मेघना फोनवर ओरडली, "मी नाय हां, मला पण नवरीच्या बाजूला टाक!" शेवटी दोघींना मध्ये आणलं आणि भाऊंचा फोटो जरा बाजूला सरकवला. आमच्याकडे नवरीच्या नावाआधी आयु., म्हणजे आयुष्मती, लिहितात, ते दोघींना लिहिलं. खाली, "सहजीवनास हार्दिक शुभेच्छा." माझ्या सगळ्या कामातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. रंग, अक्षरं, सगळं. मी स्वतः प्रिंटरवाल्याकडे उभा राहिलो.

सोमवारी लागला. रविवारी लग्न.

चाळीत काही बाँब फुटला नाही. पोरं दोन मिनिटं थांबून बघायची, हसायची, निघायची. एकाने मला विचारलं, "खरंच काय रे?" मी बोललो, "खरंच." तो बोलला, "भारी," आणि वडापाव खायला लागला.

शांतामावशी आमच्या शेजारी राहते. तिने नळावर आईला विचारलं, "दीपाचा बोर्ड लागलाय गं. बाजूला कोण? नणंद?"

आई वर आली. लाल झाली होती. तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायली. मग मला बोलली, "सांगितलं मी शांताला. नणंद नाय, तीच आहे म्हटलं. दोघींचंच आहे."

"मग?"

"मग काय. आ वासून बघत बसली. बादली भरून वाहत होती तिची."

आणि आई हसली. महिन्यानंतर. दुसऱ्या दिवशी ती हिंदमाताला गेली आणि आमच्या लग्नांत नेसतात तशी पांढरी साडी घेऊन आली. ताईला दाखवली नाही, मला दाखवली. "काठ बरा आहे ना? जास्त नाय ना वाटत या वयात?"

हे सगळं मी लिहितोय कारण आई तयार झाली होती, हे कुठेतरी असावं. ती स्वतः आता ते कबूल करत नाही.

शुक्रवारी सकाळी भाऊंनी ऑफिसात बोलावलं. आत भाऊ एकटेच. समोर चहावर साय आलेली.

"युती झाली," भाऊ बोलले.

"कोणाशी?"

भाऊंनी नाव सांगितलं. ज्यांच्याशी गेल्या वेळी डोकी फुटली होती ते. "सीट आपल्यालाच सुटलीय. पण त्यांची माणसं बोर्डाखाली फोटो काढून वर पाठवतायत. काय चाललंय विचारतायत. वरून मला फोन आला पहाटे."

"पण शिबिरात वरचेच बोलले ना..."

"शिबिरात बोलले. युतीत नाय बोलले." भाऊंनी साय बोटाने बाजूला केली. "तू बारीक आहेस राज्या, तुला कळणार नाय. विषय आपण सोडलेला नाय. विषय आत्ता नाय."

"मग काढू बोर्ड?"

"येडा झालास? काढला तर पोरं बोलतील भाऊ फाटला. ठेवला तर मित्रपक्ष बोंबलणार. पट्टी मार."

पट्टी म्हणजे बोर्डाच्याच कापडाचा तुकडा. नाव चुकलं, तारीख बदलली, तर तेवढ्यावर चिकटवायचा. रोजचं काम आहे ते. गेल्या निवडणुकीत एका नेत्याने पक्ष सोडला तेव्हा मी त्याच्या तोंडावर घड्याळाएवढा गोल कमळासकट... जाऊ दे. फुलांचा गुच्छ होता, तो चिकटवलेला.

"पट्टीवर काय लिहू?"

भाऊंनी फोनवर बोर्डाचा फोटो बघितला. "दोन पोरी आहेत. नटलेल्या. काय वाटतं बघून? पार्लर. लिही, 'नव्या ब्युटी पार्लरला हार्दिक शुभेच्छा.' कोणाची बदनामी नाय, काय नाय. उलट धंदा वाटतो. महिला उद्योजक."

माझ्या बहिणीने आयुष्यात कधी आयब्रो केली नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी काय बोललो सांगू? मी बोललो, "फॉन्ट तोच ठेवू ना?"

डोक्यात काय चाललं होतं ते पण सांगतो. टेबल भाऊंचं. कॉम्प्युटर भाऊंचा. आणि मी नाही मारली तर दुसरा कोणी मारेल, वाकडी मारेल, ताईच्या तोंडावर मारेल. मी निदान नीट मारीन. खरंच, असाच विचार केला. नीट मारण्याचा.

पोरं प्रचाराच्या बैठकीला गेली होती म्हणून शिडी घेऊन मीच गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. नाक्यावर भाजीवाले, रिक्षा नाहीत पण टॅक्स्या, शाळेतून पोरांना आणणाऱ्या बायका. मी वर चढलो, पट्टीला गोंद लावला आणि एक टोक दाबलं. शिडी हलली. खालून कोणीतरी धरली.

"पडशील," ताई बोलली.

ती त्या दिवशी सुट्टीवर होती. हातात पिशवी होती, त्यात मेणबत्त्या, अगरबत्ती. दोन हार सांगायला निघाली होती. मी वरून बघितलं. ती पट्टीकडे बघत होती. वाचलं तिने. मी बोललो, "ताई, भाऊंनी... युती झाली ना, म्हणून फक्त निवडणुकीपर्यंत..."

"डावीकडे उतरतेय," ती बोलली.

"काय?"

"पट्टी. डावीकडे उतरतेय. सरळ कर."

मी सरळ केली. तिने शिडी धरली होती, मी उतरेपर्यंत धरली. मग पिशवी उचलून चाळीकडे गेली. मी तिथेच उभा. गोंद बोटांवर सुकत होता, तो मी सोलत बसलो.

घरी गेलो तर दारात शांतामावशी आईशी बोलत होती.

"मला काय माहीत गं पार्लर आहे ते! तू त्या दिवशी काहीतरीच बोललीस, मला वाटलं..." आणि मावशी हसायला लागली. "मी तर घरी जाऊन ह्यांना सांगितलं पण. हे बोलले, शैलाचं डोकं फिरलं. कुठे काढतायत? शेजारणीला फेशियल स्वस्तात ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी जिन्यात होतो. मी बोलू शकलो असतो, मावशी, पार्लर नाही, पट्टी मी मारली, खाली काय लिहिलंय ते मला माहीत आहे. आई वाट बघत होती असं मला वाटलं. एक श्वास एवढाच वेळ. मी खाली बघितलं.

"महिन्याभरात उघडेल," आई बोलली. "जागा बघतायत."

ताई आत होती. आमची खोली केवढीशी, पडद्याच्या मागचं सगळं ऐकू येतं.

मावशी गेल्यावर आई माझ्याजवळ आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मोठा झाल्यापासून तिने असा हात फिरवला नव्हता.

"बरं केलंस राजा," ती हळू बोलली. "सुटले मी."

मला शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

ताईने त्याच दुपारी बॅग भरली. भिंतीवरचे बाबासाहेब आणि बुद्धाचे फोटो आईला विचारून काढले. आई बोलली, "ने." ताई बोलली, "बोर्ड लागला होता आई. चार दिवस लागला होता." आई बोलली, "आता नाय ना." ताईने फोटो ओढणीत गुंडाळले आणि फणसवाडीला गेली.

रविवारी मी गेलो. आईला विचारलं, येतेस का. ती गॅस पुसत होती. आघाडीची बैठक आहे बोलली. रविवारी दुपारी कसली बैठक.

मेघनाचं घर म्हणजे उंच छताचं, जुन्या लाकडाच्या कपाटांचं. तिचे वडील मनमोहनकाका दारातच उभे होते, झब्बा घालून. पुण्यासारखं बोलतात ते, एकेक शब्द पूर्ण. "या, या. आपण दीपिकाचे बंधू ना? आई मागून येतायत?"

"डोकं दुखतंय तिचं," मी बोललो.

"अरेरे," ते बोलले. कळलं त्यांना. मेघनाच्या आईने, राजलक्ष्मीकाकूंनी, त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच सरबताचा ट्रे उचलला. त्यांच्या देवघराचं दार बंद केलेलं होतं, आणि टेबलावर पांढरं कापड घालून आमच्या घरचे दोन फोटो मांडले होते. फुलं त्यांनी स्वतः वाहिली होती. आमच्या घरच्या भिंतीवर आता त्या दोन फोटोंचे नुसते डाग राहिलेत, आणि इथे त्यांना ताजी फुलं.

दगडूकाका आले होते. आमच्याच चाळीतले, बौद्ध पद्धतीने लग्नं लावतात, माझ्या आई-पप्पांचं पण त्यांच्या वडिलांनी लावलेलं. मला वाटलं होतं ते नाही येणार. नाक्यावरूनच निघाले असतील, बोर्ड वाचून.

ताई आणि मेघना, दोघी पांढऱ्या साड्यांत. ताईने केस वर बांधले होते. माझ्याशी बोलली, "आलास," एवढंच. रागाने नाही. पोस्टमनशी बोलतात तसं.

दगडूकाकांनी घसा साफ केला. "दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पुढे या. मेणबत्ती लावायची, मग त्रिशरण घेऊ. मेघनाकडून?"

मनमोहनकाका आणि काकू पुढे गेले. काकूंनी काडी पेटवली, काकांनी ज्योतीला हाताचा आडोसा धरला.

"दीपिकाकडून कोण?"

खोलीत वीसेक माणसं असतील. ताईच्या लॅबमधल्या मैत्रिणी, मेघनाचे चुलत भाऊ. मी चपला काढलेल्या, हात धुतलेले. दोन पावलं पुढे गेलो. "मी आहे काका. भाऊ आहे ना मी."

दगडूकाकांनी काडेपेटी माझ्याकडे केली.

"नको काका," ताई बोलली. आवाज एकदम साधा. "तो पाहुणा आहे."

दगडूकाकांचा हात तसाच राहिला. मेघना हळू बोलली, "दीपा." ताईने मान हलवली. काडेपेटी काकांच्या हातातून तिने घेतली, स्वतःची मेणबत्ती स्वतः लावली, आणि पुन्हा मेघनाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मी मागे आलो. मागे येताना कोणाचा तरी पाय तुडवला, सॉरी बोललो. सगळ्यांनी हात जोडले. दगडूकाकांनी सुरुवात केली आणि मी पण सगळ्यांच्या मागून म्हटलं, कारण ते मला लहानपणापासून पाठ आहे आणि तोंड आपोआप म्हणतं. माझ्या बाजूला मेघनाचा एक लांबचा मामा होता. त्याला काही येत नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघून बघून ओठ हलवत होता.